नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी आहे. मग थेरपीत आम्हालाच का बसवतात?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. मागच्या महिन्यात त्याला एडीएचडी, म्हणजे अवधान कमी पडणे आणि अतिचंचलता, असल्याचे निदान झाले. निदान घाईने झालेले नाही. डॉक्टरांनी आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली, वर्गशिक्षिकांकडून दुसरी मागवली, डोळे आणि कान तपासून आणायला लावले, बुद्ध्यंकाची चाचणी करवली आणि तिसऱ्या भेटीत आम्हाला समोर बसवून सांगितले. त्यामुळे निदानाविषयी माझ्या मनात किंतु नाही. गोंधळ आहे तो पुढच्या वाटेविषयी.

मुलाला तोंडी विचारले तर तो एकोणीसचा पाढाही न अडखळता म्हणतो; पण सहामाहीच्या गणिताच्या पेपरात शेवटची दोन पाने कोरी राहिली, कारण पान उलटायचेच राहून गेले. जूनपासून आतापर्यंत पाण्याच्या तीन बाटल्या, एक रेनकोट आणि डब्याची दोन झाकणे शाळेत हरवली आहेत. साडेसहाला गृहपाठाला बसवले की नऊ वाजेपर्यंत मी ओरडत असते आणि तो पेन्सिलीला टोक करत असतो.

डॉक्टरांनी थेरपी सुरू करायला सांगितले असून औषधाचे पुढच्या भेटीत ठरवू, असे म्हटले आहे. त्याप्रमाणे आम्ही एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्या मुलाशी दहा मिनिटे बोलल्या आणि उरलेला पाऊण तास आमच्याशी. परत येताना यजमान म्हणाले, "त्रास त्याला आणि शिकवणी आपल्याला, हा कुठला न्याय?" मुलाला समोर बसवून, त्याच्याशी बोलून त्याला समजावणे म्हणजे थेरपी, अशी माझीही समजूत होती. ती चुकीची आहे का? अशाने खरोखर फरक पडतो का, पडत असेल तर कशात पडतो, आणि मूल मोठे झाल्यावर हे सगळे बदलते का?

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा दोन दिवस विचार करत होते. प्रश्नावली भरता भरता यजमानांनी मध्येच पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "हे तर माझ्याबद्दल लिहिले आहे." सासूबाईंचेही म्हणणे आहे की नातू थेट बापावर गेला आहे. यजमानांचे वय एक्केचाळीस आहे. या वयात यासाठी काही करतात का?

प्रतिसाद १ : गोदातीर

ताई, तुमच्या यजमानांचे वाक्य आमच्या नाशिकच्या घरात सात वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत उच्चारले गेले होते. फक्त ते मी उच्चारले होते. आमची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. ती कधी बाकावरून उठली नाही, कोणाच्या खोड्या काढल्या नाहीत, त्यामुळे प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'हुशार आहे, पण तंद्रीत असते' एवढाच शेरा येत असे आणि आम्हीही तो वाचून हसत असू. मुलींच्या बाबतीत असे फार होते, हे मला नंतर कळले.

थेरपीतले आम्हा पालकांचे प्रशिक्षण दर शनिवारी, दहा आठवडे चालले. पहिल्या आठवड्याला थेरपीच्या बाईंनी एकच काम दिले: सकाळी साडेसहा ते सात या वेळात मी मुलीला किती सूचना देते, ते कॅलेंडरवर रेघा मारून मोजायचे. तव्यावर पोळी टाकलेली असताना मी स्वयंपाकघरातून ओरडत असे, "आवर, दप्तर भरलेस का, बूट कुठे आहेत, आणि ते केस!" रेघा मोजल्या तर सत्तावीस भरल्या, आणि त्यांतली एकही सूचना मी तिच्याजवळ जाऊन दिलेली नव्हती. पुढच्या आठवड्यापासून गॅस बारीक करून तिच्याजवळ जायचे, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची, मनात दहापर्यंत मोजत थांबायचे आणि तिने ती केली की त्याच क्षणी, काय केले त्याचा उल्लेख करून, कौतुक करायचे. नुसते 'शाब्बास' म्हटलेले बाईंना चालत नसे. "पहिल्याच हाकेला बूट घातलेस" असे म्हणायला लावत. त्याशिवाय रोज पंधरा मिनिटे तिला हवा तो खेळ तिच्या मर्जीने खेळायचा आणि त्या वेळात काहीही शिकवायचे नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले, कारण पत्ते खेळतानाही माझ्या तोंडून "आता याची बेरीज कर" असे निघत असे.

मग चिंचोके आले. ठरलेली तीन कामे केली की प्रत्येकी एक चिंचोका बरणीत टाकायचा आणि संध्याकाळी त्यांच्या बदल्यात काहीतरी घ्यायचे. यात आम्ही दोन मोठ्या चुका केल्या. पहिली म्हणजे बक्षीस म्हणून दिवाळीला सायकल कबूल केली. गणपतीत वचन दिले आणि चार दिवसांत तिचा उत्साह संपला. तिला दिवाळी दिसतच नव्हती. झोपण्याआधीचा कॅरमचा एक डाव मात्र तिला स्पष्ट दिसत होता आणि त्यासाठी ती धडपडत असे. दुसरी चूक म्हणजे एका दिवशी रागाच्या भरात मी कमावलेले चिंचोके परत घेतले. त्या दिवशी बरणी उपडी झाली, आणि पुन्हा सुरुवात करायला आम्हाला तीन आठवडे लागले.

मोठे झाल्यावर काय होते, असे तुम्ही विचारले आहे. तेराव्या वर्षी चिंचोके तिला अपमानास्पद वाटू लागले आणि ते रास्तच होते. तेव्हापासून थेरपीतला क्रम उलटा झाला: पाऊण तास ती आत आणि शेवटची दहा मिनिटे आम्ही. तिथे ती काय बोलते ते आम्हाला सांगितले जात नाही. जिवाला धोका असेल तरच सांगू, असे बाईंनी पहिल्याच दिवशी तिघांसमोर स्पष्ट केले होते. कामाचे स्वरूपही बदलले. भूगोलाचा प्रकल्प वीस तारखेला द्यायचा असेल तर वीस तारखेपासून मागे मागे येत आजपर्यंत तुकडे पाडणे, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागेल ते आधी लिहिणे आणि खरोखर किती लागला ते नंतर लिहिणे, असे ते काम. तिच्या अंदाजाने तासाभराच्या कामाला अडीच तास लागतात, हे तिला माझ्या बोलण्यातून सात वर्षांत पटले नव्हते. ते स्वतःच्याच दोन रकान्यांतून तीन आठवड्यांत पटले. मोबाइलच्या वेळा आम्ही तिघांनी बसून लेखी ठरवल्या आणि त्यावर तिने आमच्याही सह्या घेतल्या. मी रोज दप्तर तपासत असे, ते आठवड्यातून दोनदा, मग रविवारी आणि आता अजिबात नाही, असे टप्प्याटप्प्याने सोडले. नववीत एकदा पुन्हा सगळे विस्कटले होते, हेही सांगून ठेवते.

प्रतिसाद २ : साधा_कागद

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. तुमच्या मुलाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे जे लिहिते आहे ते सर्वसाधारण आहे, असे समजून वाचावे.

तुमची समजूत चुकीची आहे, पण ती बहुतेकांची असते. एडीएचडी असलेल्या मुलाला काय करायचे ते माहीत नसते, असे नाही. दप्तर रात्री भरावे, पेपराचे पान उलटून पाहावे, हे तुमचा मुलगा मला तोंडपाठ सांगेल. अडते ते माहीत असलेली गोष्ट त्या त्या क्षणी आठवून करण्यापाशी. माझ्या खोलीत मंगळवारी चार वाजता दिलेला उपदेश बुधवारी सकाळी पावणेसातला त्याच्या मदतीला येत नाही. त्या वेळी त्याच्याजवळ तुम्ही असता, मी नसते. म्हणून मदत जिथे काम अडते तिथेच पोहोचवावी लागते, आणि लहान मुलाच्या बाबतीत ती पोहोचवणारी माणसे म्हणजे आईवडील आणि शिक्षक. ही शिकवणी तुम्ही काही चुकीचे केले म्हणून लावलेली नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात दिसतो. तुमच्या वळण लावण्यातून तो निर्माण झालेला नाही.

फरक पडतो का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते थोडे लांबते. अमेरिकेत ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर १४ महिने चाललेला एमटीए नावाचा एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना काळजीपूर्वक मात्रा ठरवलेले औषध, काहींना पालक, शाळा आणि मूल अशा तिघांसह सखोल वर्तन-उपचार, काहींना दोन्ही आणि काहींना गावात मिळतील ते नेहमीचे उपचार, अशी चार गटांत विभागणी होती. चंचलता आणि लक्ष न लागणे या मूळ लक्षणांवर औषध वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरले, आणि दोन्ही एकत्र दिल्याने त्यात फारशी भर पडली नाही. मात्र घरातले ताण, मुलाची चिंता, इतर मुलांशी जमवून घेणे अशा बाबतींत दोन्ही मिळालेल्या गटाचा थोडा अधिक फायदा दिसला आणि त्यांना औषधाची मात्राही सरासरीने कमी पुरली. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा चारही गटांतला फरक पुसला गेला होता. म्हणजे कोणताही उपचार टायफॉइडच्या गोळ्यांसारखा एकदा घेऊन संपवायचा नाही; वय आणि अडचणी बदलतील तसा तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

यावरून तुम्ही थेरपीकडून काय अपेक्षा ठेवावी, ते ठरेल. मुलगा तीन महिन्यांत मान खाली घालून दोन तास अभ्यास करू लागेल, अशी अपेक्षा ठेवू नका. साडेसहा ते नऊ ही लढाई साडेसहा ते साडेसातवर यावी, तुमचे ओरडणे कमी व्हावे आणि आपण वाईट मूल आहोत हा त्याच्या मनात घट्ट होत चाललेला समज थांबावा, एवढी मात्र ठेवा. माझ्या मते शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पंधराव्या वर्षी माझ्याकडे येणारी मुले लक्ष लागत नाही म्हणून कमी आणि 'माझ्याने काही होणार नाही' म्हणून जास्त येतात.

औषधाला आतापासून शत्रू ठरवू नका. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण आणि सहा वर्षांनंतर औषध व वर्तन-उपचार दोन्ही, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. मिथाइलफेनिडेट हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. त्याने भूक मंदावते, काहींची झोप लांबते, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर आणि तुम्ही ठरवायचे. थेरपिस्टने त्यात फोडणी घालू नये.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग, स्मरणशक्तीची चूर्णे, एकाग्रतेची ध्वनिफीत यांवर पैसे घालवू नका. मुलाचे अक्षर फार वाईट असेल तर ऑक्युपेशनल थेरपीचा त्यासाठी उपयोग होऊ शकतो, पण ती एडीएचडीवरचा उपचार नव्हे. शुद्धलेखन किंवा वाचन वयाच्या मानाने मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी जरूर करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती तिच्या प्रमाणपत्रावर मिळतात.

प्रतिसाद ३ : फळा_आणि_खडू

मी तिसरी-चौथीला शिकवते. वरचे सर्व पटते, पण वर्गात बावन्न मुले असताना पालक सात रकान्यांचा तक्ता घेऊन येतात आणि रोज भरून द्या म्हणतात, तेव्हा तो पहिल्या आठवड्यानंतर माझ्याच्याने भरला जात नाही. ताई, वर्गशिक्षिकांकडे जाल तेव्हा एकच गोष्ट मागा. 'गृहपाठ वहीत उतरवून घेतला' एवढ्यावर रोज एक खूण करायला मला दहा सेकंद लागतात आणि ती मी वर्षभर करू शकते. त्याला पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला आणि खिडकीपासून लांब बसवायला सांगा. फळा पुसायला किंवा वह्या कार्यालयात पोहोचवायला मी अशा मुलांना मुद्दाम उठवते. बाकीचे त्याला लाड समजतात, पण त्यानंतरची पंधरा मिनिटे तो शांत बसतो.

प्रतिसाद ४ : उशिरा_कळले

हा प्रतिसाद मुख्यतः तुमच्या यजमानांसाठी आहे. मी ठाण्यात असतो, अभियंता आहे आणि माझे निदान अडतिसाव्या वर्षी झाले. तोपर्यंत विजेचे बिल खात्यात पैसे असूनही थकत असे, दोनदा मीटर तोडायला माणूस आला होता आणि पत्नी माझी पत्नी कमी व गजराचे घड्याळ जास्त झाली होती. मोठ्या माणसाचे निदान करताना बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणे होती का, हे पाहतात. त्यासाठी माझी शाळेची प्रगतिपुस्तके आणि आईची साक्ष लागली. तुमच्याकडे सासूबाई आहेतच.

मी औषध घेतो आणि त्याच्या जोडीला सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची, बारा सत्रे केली. औषध घेऊनही अडचणी उरलेल्या ८६ प्रौढांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात अशा सीबीटीचा उपयोग निव्वळ शिथिलीकरण आणि माहिती देण्यापेक्षा अधिक दिसला. माझ्या डॉक्टरांनी त्याच आधारावर ती सुचवली. बालपणाच्या आठवणी उकराव्या लागतील, अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात पहिली तीन सत्रे एका वहीवर गेली. काम डोक्यात ठेवायचे नाही, पाकिटाच्या मागे लिहायचे नाही, मोबाइलच्या चार ठिकाणी टिपायचे नाही. एकच वही, तिची एकच जागा, आणि रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर ती उघडायची. मग माझे लक्ष न ढळता किती वेळ टिकते, ते घड्याळ लावून मोजले. ते अकरा मिनिटे निघाले. थेरपिस्ट म्हणाले, "मग काम अकरा मिनिटांचे करा." कामाच्या मध्येच काही आठवले तर उठायचे नाही, शेजारच्या चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा आणि पुढे चालू लागायचे. पहिल्या दिवशी त्या चिठ्ठीवर 'गिझर', 'चुलतभावाचा फोन', 'पेंग्विन कुठे झोपतात' असे अकरा शब्द होते.

विचारांचा भाग नंतर आला. टाळाटाळीच्या आधीच्या क्षणी मनात काय येते, ते लिहायला लावले. 'आता मूड नाही, उद्या ताज्या डोक्याने करू' हे वाक्य एका आठवड्यात नऊ वेळा सापडले, आणि त्यातला एकही उद्या ताज्या डोक्याचा निघाला नव्हता. एका सत्राला पत्नीला बोलावले आणि तिने आठवण करून देण्याचे काम सोडायचे, असे ठरले. त्यापायी गॅसचे एक बुकिंग चुकले आणि आम्ही दोन दिवस इंडक्शनवर काढले, पण तिने शब्द पाळला.

पाच महिन्यांनी वही सुटली. लाज वाटून मी थेरपिस्टकडे जाणेच टाळत होतो. गेलो तेव्हा ते हसले आणि म्हणाले की वही सुटणारच होती, ती पुन्हा कशी धरायची हेच शिकायचे आहे. आता दर तीन महिन्यांनी एकदा जातो.

यजमानांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी. मुलाला ज्या तक्त्याप्रमाणे चालायचे आहे तो लावणारा आणि लक्षात ठेवणारा बाप तोच असेल तर त्याला स्वतःलाही आधार लागेल. जवळपास मोठ्यांना पाहणारे कोणी सापडत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि पुढे कुठे जायचे ते विचारता येते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये दोन सत्रे झाली आणि ती झाल्यावरच लिहावे, असे वाटले. यजमानांनी उशिरा_कळले यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि 'पेंग्विन'पाशी इतके हसले की मुलगा पाहायला आला. त्यांनी पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे. वर्गशिक्षिकांकडे एकच खूण मागितली आणि त्या लगेच तयार झाल्या. मीही रेघा मोजल्या. एकतीस भरल्या, म्हणजे गोदातीर यांच्या पुढे गेले.

गृहपाठ आता तीन तुकड्यांत होतो आणि मध्ये तो अंगणात चेंडू आपटून येतो. काल पावणेआठला संपला. परवा मात्र संपलाच नव्हता. आता मानसशास्त्रज्ञ बाईंनी सकाळच्या कामांचा चार चित्रांचा तक्ता करायला सांगितले आहे: बाटली, डबा, वही, रेनकोट. तो आम्ही दोघांनी हौसेने रंगवला आणि त्याच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावला, पण चार दिवसांत त्याने त्याकडे पाहिलेलेही नाही. काय चुकत असेल?

साधा_कागद

चित्रे चारच ठेवलीत, हे चांगले केले. जागा चुकली आहे. सकाळी तो टेबलापाशी जातच नसेल. बूट जिथे घालतो तिथे, बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, तुमच्या नव्हे. आणि दोन-तीन आठवड्यांनी तो तक्ता भिंतीचाच भाग होऊन दिसेनासा होईल, तेव्हा नवा रंगवायला या वेळी त्यालाच बसवा.